एक म की दोन? इटालियन क्रियापदं तोडून ऐकूया

हेडफोन लावलेत ना? आज लागतील, कारण आजचा सगळा खेळ कानाचा आहे. आणि जे हा भाग ऐकण्याऐवजी इथे ब्लॉगवर वाचताय, त्यांना एक विनंती. उदाहरणं नुसती डोळ्यांनी वाचू नका, तोंडाने म्हणा. बसमध्ये असाल तर हळू म्हणा, पण म्हणा.

सुरुवात करते एका खोलीपासून. म्हणजे मला न मिळालेल्या खोलीपासून.

ऑक्टोबर महिना. इटलीतलं पादोवा शहर, व्हेनिसपासून ट्रेनने साधारण अर्ध्या तासावर. तिथलं विद्यापीठ १२२२ सालचं, गॅलिलिओने जिथे शिकवलं ते. मी तिथे मास्टर्स करायला गेले होते. मूळची मी साताऱ्याची, आणि इटालियन शिकलेलं सगळं मोबाइलवर, तीन महिने, रोज वीस मिनिटं. तेवढ्या जोरावर मला वाटायचं की आपल्याला बऱ्यापैकी येतं.

माझं हॉस्टेलचं बुकिंग रविवारी सकाळी संपणार होतं. गुरुवारी एका जाहिरातीवरून फोन केला. पलीकडे एक आजी होत्या. त्या भराभर बोलत होत्या, मला तीन शब्द कळले. ‘स्तांत्सा’, म्हणजे खोली. ‘वोलेन्त्येरी’, म्हणजे आनंदाने. आणि मधला शब्द मी ऐकला ‘दारेमो’. दारेमो म्हणजे ‘आम्ही देऊ’. खोली आम्ही आनंदाने देऊ! झालं की काम! त्यानंतर त्या नातवाबद्दल काहीतरी सांगत होत्या. मला वाटलं, आजी आहेत, नातवाचं कौतुक चाललंय. मी दहा वेळा ‘ग्रात्सिए’ म्हटलं, ‘रविवारी येते’ म्हटलं आणि फोन ठेवला. आणि दुसऱ्या एका खोलीचं बोलणं चालू होतं, त्या माणसाला त्याच संध्याकाळी ‘नको’ म्हणून कळवून टाकलं.

रविवारी दोन बॅगा ओढत दारात उभी राहिले. दार उघडलं त्या नातवानेच. खोली त्याला दिलेली होती.

आजी चांगल्या होत्या. आत बोलावलं, कॉफी दिली, बिस्किटं दिली. पण कॉफी पिऊन झाल्यावर जायचं कुठे? वर्गातल्या एका मैत्रिणीला फोन लावला. ती दक्षिण इटलीची. तिने फोनवरच आजींशी बोलून घेतलं आणि मग मला हसत हसत म्हणाली, ‘‘अगं, त्या दारेमो नाही म्हणाल्या. दारेम्मो म्हणाल्या.’’

दारेमो म्हणजे ‘आम्ही देऊ’. दारेम्मो म्हणजे ‘आम्ही दिली असती’. खोली आम्ही आनंदाने दिली असती, पण नातू राहायला येतोय! एका म-च्या फरकाने मी पुढच्या अकरा रात्री त्या मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून काढल्या.

तर आजचा भाग त्या एका म-बद्दल आहे. इटालियन क्रियापदाचे तुकडे कसे पडतात, जोर कुठे येतो, आणि हे कळलं नाही तर ‘कोण’ आणि ‘कधी’ हे दोन्ही कसं हातातून निसटतं, त्याबद्दल.

आधी एक गोष्ट. आपण मराठीत ‘आलो’ म्हटलं की ‘मी’ वेगळं सांगावं लागत नाही. आई हाक मारते, आपण आतून ओरडतो, ‘आलेच!’ इटालियनही तसंच चालतं. तिथली पोरं आईला ओरडतात, ‘आर्रीवो!’ अर्थ तोच, आलोच. ‘मी’ नाही, ‘आम्ही’ नाही, ‘ते’ नाही. सगळी माहिती क्रियापदाच्या शेपटीत. म्हणून शेपूट नीट ऐकू आली नाही तर वाक्याचा कर्ताच हरवतो.

आता तुकडे. व्याकरणात यांना अक्षरं म्हणतात, पण आपल्याला अक्षर म्हटलं की लिहिलेलं अक्षर आठवतं. म्हणून मी आज तुकडेच म्हणणार आहे. आणि वाचणाऱ्यांसाठी, ज्या तुकड्यावर जोर येतो तो चौकटी कंसात टाकलाय.

दारेमो: दा-[रे]-मो.
दारेम्मो: दा-[रेम्]-मो.

तुकडे दोन्हीकडे तीनच. जोरही दोन्हीकडे मधल्यावरच. मग फरक कुठे? मधला तुकडा पहिल्यात उघडा आहे, स्वरावर संपतो. दुसऱ्यात तो बंद आहे, ओठ मिटून म् वर संपतो. आणि इटालियनमध्ये जोराचा तुकडा शब्दाच्या मध्ये असेल आणि उघडा असेल, तर त्यातला स्वर लांबतो. बंद असेल तर आखूड राहतो. म्हणजे कानाला ऐकू येतं ते असं: दारेऽमो आणि दारेम्मो. पहिल्यात ए लांब, म छोटा. दुसऱ्यात ए छोटा, म लांब. फक्त म मोजत बसलात तर चुकाल. ए ऐका. ए रेंगाळला तर खोली मिळाली. ए तुटला तर बॅगा उघडू नका.

आणि हे फक्त ‘देणे’ या क्रियापदाचं नाही. ‘आम्ही’च्या भविष्यकाळात एक म, आणि ‘केलं असतं’ किंवा ‘करू शकलो असतो’ अशा अटीच्या रूपात दोन म, हे इटालियनमधल्या प्रत्येक क्रियापदाला लागू आहे. पार्लेरेमो, आम्ही बोलू. पार्लेरेम्मो, आम्ही बोललो असतो. आव्रेमो, आमच्याकडे असेल. आव्रेम्मो, असतं. एकदा कान तयार झाला की सगळी क्रियापदं एकदम सुटतात.

आता आनंदाची बातमी. हा कान आपल्याकडे आधीपासून आहे. म्हणून बघा: दिली. दिल्ली. कोणी ‘मी तुला दिल्ली’ म्हटलं तर तुम्ही हसाल की नाही? हला आणि हल्ला. पती आणि पत्ती. ज्यांनी फक्त इंग्रजीतून इटालियन शिकलंय त्यांना हे जड जातं, कारण इंग्रजीत दोन अक्षरं लिहितात पण एका शब्दात व्यंजन असं लांबवत नाहीत. आपण रोज लांबवतो.

पण आपली एक अडचण आहे, आणि ती लिहिण्यातून येते. आपण दिल्ली लिहितो तेव्हा ‘दि’ आणि ‘ल्ली’ असं लिहितो, जोडाक्षर पूर्ण पुढे जातं. बोलतो मात्र दिल्-ली. शाळेत वृत्तं शिकताना लघु-गुरू पाडलेत ना? जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, हा नियम पाठ केलेला असतो. तो का, हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. ते अक्षर गुरू होतं कारण जोडाक्षराचा पहिला अर्धा भाग बोलताना मागच्या अक्षराला जाऊन चिकटतो आणि त्याला जड करतो. इटालियन लोक नेमकं हेच कागदावरही करतात. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाला तर दोन म-च्या मधूनच तोडतात.

त्यांचे तोडायचे नियम चार ओळींत सांगते, स्क्रीनशॉट काढा.

एक, जोडी असेल तर मधून तोडा: लेग्-गो, मी वाचते.
दोन, ल, म, न, र यांच्यानंतर दुसरं व्यंजन आलं तर ते मागच्या तुकड्यात राहतात: पार्-लो, मी बोलते. कान्-तो, मी गाते.
तीन, व्यंजनानंतर र किंवा ल आला तर दोघं एकत्र पुढे जातात: आ-प्रो, मी उघडते.
चार, स नंतर व्यंजन आलं तर लिहिताना स पुढच्याबरोबर जातो: आ-स्पेत्-तो, मी वाट बघते.

एवढ्यावर बहुतेक क्रियापदं तुटतात. आणि तुटली की तुकडा उघडा की बंद ते दिसतं.

हे कशाला, असं वाटत असेल तर ही जोडी ऐका. कादे, [का]-दे, म्हणजे पडतो. काद्दे, [काद्]-दे, म्हणजे पडला. बेवे, पितो. बेव्वे, प्यायला. इथे तर काळच बदलला, आज गेला आणि भूतकाळ आला, एका आघातात. आणि माझी आवडती: फूमो, [फू]-मो, मी सिगरेट ओढते. फुम्मो, [फुम्]-मो, आम्ही होतो. ‘आम्ही’ कधी कुठे होतो ते सांगायला जाल आणि भलतीच कबुली देऊन बसाल.

मग त्या आजींचं काय? त्यांनी दोन म नीट म्हटले होते का? इथे थोडा त्यांचाही वाटा आहे. पादोवा येतं वेनेतो प्रदेशात, आणि वेनेतोच्या मूळ बोलीत अशी दुहेरी व्यंजनं नाहीत. म्हणून तिकडची, विशेषतः जुनी माणसं इटालियन बोलतानाही ती हलकी उच्चारतात. त्यांचं आपसात अडत नाही, पुढच्यामागच्या वाक्यावरून कळतं. रोमपासून खाली दक्षिणेत उलटं, तिकडे दुहेरी व्यंजन दणकून म्हणतात, कधीकधी एकेरीचंही दुहेरी करतात. माझी मैत्रीण दक्षिणेची, म्हणून तिच्या तोंडून ‘दारेम्मो’ ऐकल्यावर मला पहिल्यांदा फरक कळला. आजींकडून ऐकताना मला वाचवू शकली असती ती नातवाची गोष्ट. ती मी ऐकलीच नाही, कारण मला हवा तो शब्द आधीच ऐकू आला होता.

ठीक. आता दुसरा भाग, आणि हा आपल्यासाठी जास्त अवघड आहे. जोर. आघात.

मराठीत एखाद्या शब्दात जोर इकडचा तिकडे केला तर बोलणं विचित्र वाटेल, पण सहसा अर्थ बदलत नाही. म्हणून आपला कान जोराकडे लक्ष देत नाही. इटालियनमध्ये अर्थ बदलतो. मघाचंच ‘आर्रीवो’ घ्या. आर्-[री]-वो, मी येते. आर्-री-[वो], तो आला. तुकडे तेच, स्वर जवळजवळ तेच, पण माणूस बदलला आणि काळ बदलला. लिहिताना शेवटच्या स्वरावर जोर असेल तर तिथे छोटी तिरकी रेघ देतात. ती रेघ सजावट नाही. मोबाइलवर टाइप करताना आळसाने गाळलीत तर ‘तो आला’चं ‘मी येते’ होईल.

आणि शेवटचा स्वर सोडून जोर दुसरीकडे असेल तर रोजच्या लिखाणात सहसा खूणच नसते. तुम्हाला माहीत असायला हवं. याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण म्हणजे का, पि, तो हे तीन तुकडे.

[का]-पि-तो: मी सहज येऊन टपकते.
का-[पी]-तो: समजलं.
का-पि-[तो]: घडलं.

तिन्ही क्रियापदाचीच रूपं. पहिली दोन लिहिताना अगदी सारखी.

आता माझी दुसरी फजिती. भाषेच्या वर्गात पहिल्या दिवशी ओळख करून द्यायची होती. मला म्हणायचं होतं, ‘माझे आईबाबा साताऱ्यात राहतात.’ राहतात म्हणजे आबितानो. मी म्हटलं आ-बि-[ता]-नो. बाई क्षणभर थांबल्या. त्यांना शब्द ओळखूच आला नाही. बरोबर आहे [आ]-बि-ता-नो. जोर अगदी पहिल्या तुकड्यावर आणि मग तीन तुकडे घरंगळत खाली.

ही चूक आपण सगळे करतो, कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की इटालियनमध्ये जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर येतो. बहुतेक शब्दांत येतो, खरंय. पण ‘ते’ या रूपात तो नियम लावला की फसलात. [पार्]-ला-नो, ते बोलतात. पार्-[ला]-नो नाही. [स्क्री]-वो-नो, ते लिहितात. का-[पी]-स्को-नो, त्यांना समजतं.

बाईंनी मग जी युक्ती सांगितली ती मी आजपर्यंत वापरते. ‘ते’चं रूप म्हणायच्या आधी मनात ‘तो’चं रूप म्हणा. जोर जिथे आहे तिथेच राहू द्या, आणि मागे शेपूट जोडा. शेपटीला जोर द्यायचा नाही.

तो राहतो: [आ]-बि-ता. ते राहतात: [आ]-बि-ता-नो.
तो फोन करतो: ते-[ले]-फो-ना. ते फोन करतात: ते-[ले]-फो-ना-नो.
तो बोलत होता: पार्-[ला]-वा. ते बोलत होते: पार्-[ला]-वा-नो.
तो बोलेल: पार्-ले-[रा]. ते बोलतील: पार्-ले-[रान्]-नो.

शेवटचं बघितलंत? तिथे दोन न आले, तुकडा बंद झाला, पण जोर हलला नाही. जवळजवळ सगळ्या काळांत ही युक्ती चालते.

आणि ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’? वर्तमानकाळात तिथे मात्र शेवटून दुसराच तुकडा. आ-बि-[त्या]-मो, आम्ही राहतो. आ-बि-[ता]-ते, तुम्ही राहता. म्हणजे एकाच क्रियापदात जोर उड्या मारतो: मी, तू, तो, ते यांच्यासाठी पुढे, आणि आम्ही, तुम्ही आले की मागे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं लक्षात ठेवायचं कसं. माझा सल्ला: रोमन लिपीत वाचून पाठ करू नका, एकदा देवनागरीत लिहून काढा. गंमत नाही करत. ‘आम्ही बोलतो’ हे रोमन लिपीत बघितलं की आपण ‘पार-ली-आ-मो’ वाचतो, चार तुकडे. ते आहेत तीन: पार्-[ल्या]-मो. ‘केल्या’ मधला ल्या. देवनागरीत चूक व्हायला जागाच नाही. तसंच त आणि ट. इंग्रजीच्या सवयीने आपण टेलेफोनो म्हणतो. इटालियन त आणि द आपल्यासारखे दाताला जीभ लावून येतात, आणि श्वास सोडत नाहीत. तेलेफोनो म्हणा, निम्मा उच्चार तिथेच सुधारतो. आपल्याकडे दोन च आहेत ना, एक चेहऱ्यातला, एक चोरातला? तेही कामाला येतात. चेर्-को, मी शोधते, यात चेहऱ्यातला. आल्-चो, मी उचलते, यात चोरातला.

एक ठिकाण असं की तिथे लिपी बदलून भागत नाही, रूपच ऐकावं लागतं. ‘मी वाचते’ लेग्गो, पण ‘तू वाचतोस’ लेज्जी. ग-चा ज झाला, कारण पुढे ई आली. पण ‘मी पैसे देते’ पागो, ‘तू देतोस’ पागी, इथे ग तसाच राहिला. त्यासाठी ते लिहिताना मध्ये एक मुका ह घालतात. म्हणजे तो ह उच्चारायचा नाही, तो फक्त ग-ची राखण करतो.

आता रोजचा सराव, पाच मिनिटांचा. एक क्रियापद घ्या. त्याची सहा रूपं लिहा, तुकडे पाडा, जोराला कंस घाला. मग शब्दाला टाळी वाजवा, जोराच्या तुकड्यावर मोठी, बाकी हलक्या. मग फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलंत तर आपलंच आपल्याला बरोबर वाटतं. आणि जोर कुठे येतो हे अडलं तर इटलीच्या सरकारी प्रसारण संस्थेचा, राईचा, उच्चारांचा शब्दकोश आहे. त्याची पहिली आवृत्ती १९६९ ची. आता तो इंटरनेटवर फुकट बघता येतो.

शेवटी, खोलीचं काय झालं ते सांगते. अकराव्या दिवशी एका काकांशी फोनवर बोलणं झालं. त्यांनी वाक्य म्हटलं, त्यात तोच शब्द आला. या वेळी मी ‘ग्रात्सिए’ म्हटलं नाही. सरळ विचारलं, ‘‘माफ करा, एक म की दोन?’’ पलीकडे दोन सेकंद शांतता, मग ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, ‘‘एक, एक!’’ त्याच संध्याकाळी मी बॅगा उघडल्या.

परक्या भाषेत पुन्हा विचारायची आपल्याला लाज वाटते. वाटतं, समोरच्याला कळेल की आपल्याला येत नाही. अहो, ते त्याला पहिल्या वाक्यातच कळलेलं असतं. नेमकं काय विचारायचं हे तुम्हाला माहीत असेल, तर विचारणं सोपं होतं. आजच्या भागातून एवढा एकच प्रश्न घेऊन गेलात तरी चालेल: एक म की दोन?

तुम्ही एखादं क्रियापद तोडून रेकॉर्ड केलंत तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात मिळून ऐकू. तोपर्यंत, चाओ मंडळी!